दगडी बदाम

“फुटला!”

एवढंच म्हणून तिने मूठ उघडली आणि टेबलावर, म्हाताऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी, दगडाचे दोन तुकडे ठेवले... ठेवले कसले, सोडूनच दिले! हिरवट राखाडी दगड, त्यातून तिरकी गेलेली पांढरी रेघ, आणि वरच्या खाचेपासून खालच्या टोकापर्यंत उभा तडा! पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा तो एवढासा लोलक, आता दोन खडे होऊन पडला होता. त्याच्या भोकातून निसटलेला काळा दोरा मात्र शाबूत होता, आणि तो तिने आपल्या बोटांना घट्ट गुंडाळून ठेवला होता.

दार उघडल्यापासून तिने वडिलांना ‘कसे आहात’ एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. दारात लेक उभी पाहून म्हाताऱ्याची इतकी धांदल उडाली होती की बनियनवर चढवलेल्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. तिला ते दिसलं होतं. एके काळी तिने हसून हसून घर डोक्यावर घेतलं असतं आणि स्वतःच्या हातांनी ती बटणं नीट लावली असती... आज तिने फक्त नजर दुसरीकडे वळवली.

“बस ना ग. चहा टाकतो.”

“चहाला नाही आले मी.”

“कसा फुटला?”

“पोरीने ओढला. फरशीवर पडला.”

पोरीने!  आपली नात... गळ्यातलं ओढण्याएवढी झाली! कुणासारखी दिसत असेल? आजीसारखी नाकाच्या शेंड्याला खळी असेल का तिच्या? या घराचा उंबरा तिने अजून पाहिला नव्हता, आणि आजोबा नावाचा प्राणी जगात आहे हे तिच्या कानावर तरी गेलं होतं की नाही, देव जाणे.

“लागलं नाही ना तिला?”

“दगड फुटलाय. पोरगी नाही.” तिचा स्वर कोरडा ठणठणीत होता. “आईच्या गळ्यातला होता हा. मला दुसरा करून द्या. याच दगडाचा, अस्साच. राहिलेला तुकडा मागच्या खोलीत असेल ना?”

“असेल... पण आता माझा हात थरथरतो ग. वय झालं.”

“तेव्हा नव्हता थरथरत!” ती एकदम उसळली. “आईला शेजारी बसवून, तिच्या तोंडावर धूळ उडवताना नाही थरथरला! तुम्हीच केला होता, तुम्हीच करा. आणि गैरसमज नको, मला त्या दगडाचं काडीचंही कौतुक नाही. बघितला की अंगाची आग होते माझ्या. पण ही...” तिने बोटांभोवतीचा दोरा पुढे धरला, आणि इतका वेळ ताठ असलेला तिचा आवाज अचानक ओला झाला, “ही गाठ आईच्या हातची आहे. दोरा तीच ओवायची. आईचं माझ्याजवळ एवढंच आहे, बाकी सगळं गेलं. ही मी सोडणार नाही. पण नुसता दोरा गळ्यात घालून कसं फिरू? दगड हवाच. गाठ न सोडता बसवायचा. जमेल?”

 म्हाताऱ्याने त्या गाठीकडे पाहिलं मात्र, आणि पुन्हा म्हणून तिकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. कारण त्या अभागी माणसाने उभ्या आयुष्यात एकही दगडी बदाम केला नव्हता!

खरी गोष्ट या घराबाहेर फक्त समोरच्या शिंप्याला ठाऊक होती. लेक नोकरीसाठी दूर गेली आणि घर खायला उठलं, त्या दिवसांतली ती गोष्ट. आपला हा म्हातारा पाणीखात्यात होता, उभा जन्म शहराचे व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेलेला. रिटायर झाला आणि दिवसभर घरात कपाटाच्या दारासारखा मध्येमध्ये येऊ लागला. बायको बिचारी त्याच्या पायात पाय अडकून पडायची तेवढी बाकी राहिली! अशात एकदा नदीकाठी फिरायला गेलेली ती ओच्यात दगड भरून घरी आली. ‘वेड लागलं की काय हिला,’ म्हणून तो बघतच राहिला. जिने कधी आपल्यासाठी साधी कानातली मागितली नाही, तिने शिंप्याकडून त्याच्या जुन्या शिलाई मशिनची मोटर मागून आणली, तिच्यावर दगड घासायचं कुरुंदाचं चाक बसवून घेतलं, वर पाणी ठिबकायला तोटीचा डबा टांगला, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत आपला संसारापलीकडचा संसार थाटला.

आधी दगडाची चकती कापायची. तिच्यावर पत्र्याच्या साच्याने बदाम आखायचा. मग लाखेने ती चकती काठीच्या टोकाला चिकटवायची, आणि खरखरीत चाकावरून बारीक चाकावर, बारीक चाकावरून चामड्याच्या चकतीवर, पांढरी पूड लावून घासत राहायचं, दगडात खिडकीचा उजेड दिसेपर्यंत. नवरा शेजारी स्टुलावर बसून ते बघत राही. त्याच्याकडे काम एकच, भोकातून काळा दोरा ओवायचा आणि गाठ मारायची. गळक्या पाइपाला सुतळी आवळताना हाताला बसलेली ती गाठ. दोन वेढे, एक उलटा, आणि शेपूट आत. जन्मात सुटायची नाही, आणि सोडायची खुबी ठाऊक असेल तर एका झटक्यात सुटेल!

पहिल्यांदा शेजारणींनी ते बदाम पाहून तोंडात बोटं घातली, तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली आणि पटकन म्हणाली, “यांनी केलेत. मी आपली दोरा ओवते.”

 मागाहून त्याने तिला धारेवर धरलं. “अगं, धडधडीत खोटं का बोललीस?”

“असू दे हो. रिटायर झाल्यापासून तुम्हाला कुणी चांगलं म्हटलेलं ऐकलं नाही मी. चांगली म्हणवून घ्यायची माझी हौस फिटली, मला दगड पुरतात.”

“आणि उद्या कुणी मला करून दाखवायला सांगितलं तर?”

“तर हात थरथरतो म्हणा!”

आणि ती किती हसली होती... पोट धरधरून हसली होती. फोनवर लेकीलासुद्धा तिने तेच सांगितलं. ‘बाबांनी छंद लावून घेतलाय ग. बरं आहे, माझ्या पायातून तरी गेले!’ लेक सुटीत घरी आली की ती मागच्या खोलीकडे फिरकत नसे, एप्रन खुंटीवर टाकून स्वयंपाकघरात रमायची. त्या निरागस थट्टेची किंमत पुढे कुणाला आणि कशी चुकवावी लागणार आहे, याची तिला कल्पना असती तर...!

मग लेकीचं लग्न ठरलं. “आई, बाबाला सांग ना, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला एकेक बदाम द्यायचाय! गुलाबी दगडाचा!” लाडक्या लेकीचा तो हट्ट. तो सगळा हिवाळा मागची खोली धडधडत राहिली. थंडीमुळे खिडक्या बंद, गार पाण्याने बोटं आखडायची, आणि बदामाची ती वरची खाच, तीच तर सगळ्यांत अवघड! त्या खाचेपाशी आली की ती पाण्याची तोटी बंद करायची आणि दगडाला नाक लावून कोरडंच घासायची.

“अगं, पाण्यात घास! किती धूळ उडतेय!” तो ओरडायचा.

“पाण्यात खाच दिसत नाही हो. ओला दगड सगळे ओरखडे लपवतो. वर कसा छान गुळगुळीत, आणि वाळला की कळतात एकेक गुण... तुमच्या मोठ्या साहेबांसारखे!”

तिच्या भुवया, पापण्या, कपाळावरच्या बटा पांढऱ्या झालेल्या असायच्या. तो आपल्या रुमालाने तिचं तोंड पुसायचा, आणि दोघं हसायची. हसायची हो! घरात मरण भुरभुरत होतं आणि ती दोघं हसत होती...

लग्न झालं, पाहुणे बदाम घेऊन गेले. त्याने आग्रह केला, “एक तरी स्वतःसाठी कर,” म्हणून तिने हिरवट दगडाचा हा एक केला. त्याने तो तिच्या गळ्यात बांधला. आणि त्याच्या पुढच्या थंडीत तिला खोकला लागला, तो गेलाच नाही.

हॉस्पिटलच्या त्या लांबलचक वॉर्डात डॉक्टरांनी छातीचं एक्स-रे चित्र उजेडाकडे धरलं होतं आणि विचारलं होतं, “दगडाची धूळ बसलीय फुफ्फुसात. घरात दगडाचं काम कोण करतं?”

“बाबा करतो,” लेक म्हणाली. “आई शेजारी बसून दोरा ओवते.”

आणि मग ती स्वतःच थांबली. तिने सावकाश मान वळवून वडिलांकडे पाहिलं...

‘मी नाही, तीच’ एवढे तीन शब्द! तेवढ्याने तो मोकळा झाला असता. पण त्या तीन शब्दांच्या मागोमाग पोर काय विचारील, हे त्याला लख्ख दिसत होतं. कधी केले? कुणासाठी केले? एवढी धूळ कशाने? आणि मग सगळे प्रश्न एकाच दारात जाऊन उभे राहतील. माझ्या लग्नासाठी! नवी नवरी, अजून संसाराची घडीसुद्धा न बसलेली पोर... हे ओझं तिने जन्मभर वाहायचं?

“हो,” तो म्हणाला. “मीच.”

“आणि लग्नातले?”

“ते... ते नाही ग. ते बाहेरून करून आणले होते. इतके कुठले व्हायला मला!”

नळ्या लावलेल्या त्या माउलीने पलंगावरून हे सगळं ऐकलं. तिचे डोळे मोठे झाले, हात उचलला गेला, तोंडावरच्या मास्कच्या आड ओठ काहीतरी सांगायला तडफडू लागले... आणि त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत दाबून धरला. “बोलू नकोस. दमशील,” तो म्हणाला. ती शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत होती. नको म्हणत होती, की हो म्हणत होती, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

“आणि तुम्हाला कसं काही झालं नाही?” लेकीने वॉर्डाच्या दारात त्याला गाठून विचारलं होतं. “स्वतः तोंडाला फडकं बांधून बसत असाल! दगडाचं काळीज आहे तुमचं!” लहानपणापासून बाबाला ‘अरे-तुरे’ करणारी ती पोर, त्या दिवसापासून त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागली. आई गेल्यावर तिच्या गळ्यातला दोरा काढून घेऊन लेक गेली, ती आज आली होती!

शिंपी कितीदा तरी तोंडातल्या टाचण्या काढून त्याला म्हणाला होता, “सांगून टाक बाबा. तुला तुझी लेक मिळेल, नात मिळेल.”

“आणि लेकीला काय मिळेल?” यावर शिंप्याने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या होत्या.

*

मागच्या खोलीचं कुलूप उघडायला बराच वेळ लागला, कारण किल्ली खरोखरच थरथरत होती. आत सगळं जिथल्या तिथे होतं. चाकावर कोळ्याने जाळं धरलेलं, डबा कोरडा, खुंटीवर एप्रन, भिंतीशी दगडांचा ढीग. त्या ढिगातून त्याने हिरवट चकतीचा उरलेला तुकडा काढला. त्यातून फार तर दोन बदाम निघाले असते.

“माझ्यासमोर करा,” ती दाराशी उभी राहून म्हणाली. “मी थांबते.”

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते त्या क्षणी त्या पाणीखात्यातल्या माणसाला कळलं. आयुष्यात इतकी वर्षं निभावून नेलेलं एकच खोटं, आणि त्याची परीक्षा अशी, लेकीच्या डोळ्यांसमोर! पण तो बसला. त्याने डबा भरला, तोटी उघडली, तुकड्याचा अर्धा भाग कापून त्यावर साच्याने बदाम आखला. बघून बघून पाठ झालेलं सगळं... लाख वितळवली, काठी चिकटवली, मोटर लावली.

इथवर ठीक झालं. पण दगड चाकाला लागला मात्र, आणि त्याच्या उजव्या हाताची सावली नेमकी दगडावर पडली. दिवा उजवीकडे होता. त्याने मान तिरकी केली, हात टेकायला आधार शोधला, तर त्या बाजूला आधारच नव्हता! मनगट लोंबकळत राहिलं. दगड चाकावरून घसरला, बदामाची एक बाजू चपटी झाली, ती सावरायला जाताना दुसरी गेली. पाणी शर्टभर उडालं. आणि खाचेपाशी येताच कट्कन एक टवका उडून कोपऱ्यात पडला.

“मुद्दाम करताय तुम्ही!” ती किंचाळली. “आईचं एवढंसं मागितलं, तेही द्यायचं नाही तुम्हाला!”

“नाही ग... नाही... शपथ...”

“उठा! उठा तिथून! एकच तुकडा उरलाय, तो तुमच्या हातात नाही देणार मी. मला सांगा कसं करायचं. माझं मी करते.”

तो गुपचूप उठला. मनातून त्याला सुटल्यासारखं झालं, वेड्याला! आपली शोभा टळली असं वाटून तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि सांगू लागला. पदराआड लपलेला दुसराच एक आवाज त्याच्या तोंडून बोलू लागला. आधी टोक, मग कडा, खाच शेवटी. दगड दाबायचा नाही, नुसता भेटवायचा. मध्येच पुसून बघायचं.

ती बसली. हात बसवायला तिने त्या बिघडलेल्या बदामाचीच काठी डाव्या हातात घेतली, कारण ती डावखुरी होती.

आणि काठी हातात घेताच तिचं डावं मनगट लाकडाच्या एका गुळगुळीत ठोकळ्यावर आपोआप विसावलं. कोपर टेबलाच्या कडेला झिजून पडलेल्या एका खळग्यात जाऊन बसलं, जणू तिचंच माप घेऊन तो कोरला होता. उजवीकडून येणारा दिव्याचा उजेड, मध्ये कसलीही सावली न पडता, थेट दगडावर सांडला. मोटरचं बटणसुद्धा डाव्या गुडघ्याशी होतं. मोटर गुणगुणत होती, पाणी ठिबकत होतं, आणि ती दगड चाकाला न लावताच बसून राहिली...

घरात डावखुऱ्या दोघीच होत्या. ती, आणि तिची आई.

तिने हळूच खुंटीवरचा एप्रन ओढला. त्याची गळ्याची पट्टी दोनदा दुमडून आखूड केलेली होती, ठेंगण्या बाईच्या मापाची. बाबा तर दारातून वाकून यायचा! मग तिने टेबलाखालचा खण उघडला.

“तो नको!” म्हातारा पुढे धावला. “त्यात काही नाही! मोडकंतोडकं आहे सगळं...”

खणात गुलाबी बदाम होते. बिघडलेले. कुणाची खाच उडालेली, कुणाला भोक पाडताना तडा गेलेला, कुणाचं टोक वाकडं. तिच्या लग्नातले... बाहेरून करून आणलेले!

तिने ते ओंजळीत घेतले. तिने मोटर बंद केली तेव्हा खोलीत डब्यातून ठिबकणाऱ्या पाण्याचाच काय तो आवाज उरला.

“बाबा...”

“अगं, मीच केले. डावीकडून बसत होतो मी तेव्हा, आता सवय गेली...”

“बाबा, खोटं बोलू नकोस.”

‘नकोस’! किती वर्षांनी! ज्या शब्दासाठी कान आसुसले होते तो ऐकू आला, आणि त्याच क्षणी त्याला कळून चुकलं की सगळं संपलं. जन्मभर पाण्याला अडवून धरणारा तो माणूस, आता त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

“तिनेच केले ना? सगळे? माझ्या लग्नासाठी?”

तो कोपऱ्यातला टवका उचलायला वाकला.

“कोरडे घासायची? बोल ना! पाणी असताना एवढी धूळ कशी गेली तिच्या छातीत?”

“खाच... खाच तेवढी कोरडी करायची. पाण्यात दिसत नाही म्हणायची.”

“प्रत्येकाची खाच!” तिच्या ओंजळीतून बदाम खाली निसटले, फरशीवर टणटण वाजले. “म्हणजे मी मारलं तिला! मी मागितले म्हणून... आणि तुला... तुला मी काय काय बोलले! हॉस्पिटलात सगळ्यांसमोर! का सांगितलं नाहीस? का?”

“हेच बघवलं नसतं म्हणून!” म्हाताऱ्याचा बांध फुटला. तो तिच्यासमोर फरशीवरच बसला, तिचे ओले, थंड हात आपल्या हातांत घेऊन. “तुझं हे तोंड बघायचं नव्हतं मला. मला म्हाताऱ्याला काय, शिव्या खाऊन माणूस मरत नाही. पण तू... पुढे सगळं आयुष्य होतं तुझं.”

“माझ्या पोरीला आजोबा नाही दाखवला मी! कुठे आहेत विचारलं की विषय बदलायचे!”

“हं,” तो म्हणाला.  त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. “ऐक, एक सांगतो, आणि हे खोटं नाही. तो हिवाळा... तुझी आई एवढी सुखी मी कधी पाहिली नव्हती ग. गाणं म्हणायची. या खोलीत! मला शिव्या द्यायची, हसायची, एकेक बदाम उजेडात धरून बघायची. तू मागितले नसतेस तरी ती घासतच बसली असती. तिला कुणी उठवू शकत नव्हतं तिथून. मीसुद्धा नाही.”

तिने ऐकलं. त्याने तिचं दुःख कमी झालं असं नाही. असलं दुःख कशाने कमी होत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला जो हुंदका फुटला, तो आईच्या चितेपुढेही फुटला नव्हता.

संध्याकाळचा उजेड पत्र्याच्या फटीतून आत येईपर्यंत बापलेक तशीच बसली होती. मग ती उठली, तोंड धुतलं, आणि उरलेला तुकडा काठीवर चिकटवला.

“पाणी धर,” ती म्हणाली.

डब्याच्या तोटीवर त्याचा भरवसा नव्हता. तो तांब्या घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला आणि चाकावर पाण्याची बारीक धार सोडत राहिला. खाचेपाशी ती थांबली, पुसलं, पाहिलं, पुन्हा पाण्यात घातलं... पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं. वेळ लागला. पण खाच उतरली, थोडी डावीकडे कललेली, आईच्या बदामांची उतरायची तशीच. भोकही त्याने सांगितलं तसं, दगड ताटलीतल्या पाण्यात बुडवून तिने पाडलं.

मात्र दोरा दुहेरी करून त्यातून जाईना. भोक लहान पडलं होतं, आणि मोठं करायला जावं तर हाही फुटला असता.

“गाठ सोडावी लागणार,” ती म्हणाली आणि तिने दोरा छातीशी धरला. “ही नको रे... तिच्या हातचं एवढंच आहे.”

म्हातारा खाली बघत होता. एवढं तरी राहू द्यावं पोरीकडे! आज तिचं सगळं काढून घेतलं आपण, ही गाठ तरी आईची राहू दे... “दुसरा दोरा घे ना,” तो चाचरत म्हणाला. “हा तसाच ठेव डबीत.”

पण ती हट्टी, आईसारखीच. तिने ओठ मिटले आणि नखाने गाठ उकलायला घेतली. ती हलेना. तिने दातांनी ओढलं, तरी हलेना. दोऱ्याचे धागे निघायला लागले.

“अगं, तोडशील! असं नाही, शेपूट आत असतं तिचं...” त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि हातही पुढे झाला. त्याने अंगठ्याने एक वेढा मागे लोटला, एक झटका दिला, आणि इतकी वर्षं घट्ट बसलेली ती गाठ त्याच्या बोटांत अलगद सुटली.

ती बघत राहिली.

त्याने दोरा बदामातून ओवला. दिवसभर थरथरत असलेले ते हात आता थरथरत नव्हते. दोन वेढे, एक उलटा, शेपूट आत... पण आवळण्याआधीच तो थांबला. आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं, आणि गुन्हेगारासारखी त्याने मान खाली घातली.

“पाइपाची गाठ आहे ती,” तो पुटपुटला. “मला दुसरी येत नाही.”

तिने त्या सैल गाठीला बोट लावलं.

“रोज हिला हात लावून झोपायचे मी, बाबा,” ती म्हणाली. “हिला धरून रडायचे... आणि तुला शाप द्यायचे.”

मग ती त्याच्याकडे पाठ करून बसली आणि मानेवरचे केस तिने एका हाताने बाजूला धरले. त्याने अर्धवट गाठ मोकळी करून दोरा तिच्या गळ्याभोवती घेतला, जसा एकदा तिच्या आईच्या गळ्याभोवती घेतला होता, आणि मागे गाठ बांधली.

“टोचत नाही ना ग?”

“नाही,” ती म्हणाली. “अजून आवळ.”